इंजीन तापल्याचा आकडा

चहा आधी घ्या. थंड झाला तर मला बोल लावू नका, कारण एकदा सुरू केलं की मी मध्ये थांबत नाही. फजिती माझी स्वतःची आहे. दुसऱ्याची असती तर सांगितली नसती, चहाड्या करायची मला सवय नाही. पण माझी ही फजिती गावात चार जण चार तऱ्हेनं सांगतात आणि चौघंही चुकीची सांगतात. म्हणून खरी काय ती माझ्या तोंडून ऐका.

अठरा वर्षं माझ्याकडे मोठी डिझेल गाडी होती. पांढरी, उंच, सात माणसांची. ताकद अशी की चिखलात रुतलेला ट्रॅक्टर तिनं दोनदा ओढून काढला. वेग दाखवणारा तिचा काटा केव्हाच मेला होता. मी दुरुस्त केला नाही. काटा कशाला पाहिजे? चाळीसला मागचं दार खडखडायचं. पन्नासला काच गुणगुणायची. साठला समोरचा कप्पा आपोआप उघडायचा आणि आतले कागद बायकोच्या मांडीवर पडायचे. कप्पा उघडला की मी पाय काढायचो. अठरा वर्षांत कप्प्याच्या पुढे गेलो नाही.

आमच्या गावात तंटामुक्ती समिती आहे. तिचा अध्यक्ष मी. गावातून जोरात गाडी हाणणाऱ्याला मी जितकं झापलं तितकं कुणी झापलं नसेल. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे हसायला बरं पडेल.

तर झालं असं की माझे गुडघे गेले. गाडीत चढायला पाट लागायला लागला आणि तो पाट बायको ठेवायची. मोताळ्याच्या भर बाजारात. अध्यक्षाला हे शोभतं का?

पोरगा प्रकाश पुण्याला असतो. त्याची एक लहान लाल गाडी होती, हौसेनं घेतलेली. आता घरात लेकरं दोन झाली, गाडीत मावेनात. आम्ही बदलाबदल केली. मोठी तो घेऊन गेला, लहान मला ठेवली. किल्ली देताना तो म्हणाला, "बाबा, हे दिसायले लहान हाये, पण हिच्या अंगात..."

"मले गाडी शिकवतं काय बे?" मी म्हणालो.

त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि पाया पडला. पोरगा वळणाचा आहे. वळणाचा नसता तर बरं झालं असतं.

गाडी मला पसंत पडली. बाजेवर बसावं तसं आत बसायचं, पाट नको. आणि आवाज? आवाजच नाही. दार खडखडत नाही, काच गुणगुणत नाही, कप्पा तर चिकटवल्यासारखा बंद. मी समजलो की आपण पस्तीस-चाळीसनं चाललो आहोत. तुम्ही काय समजला असता?

समोर एक आकडा दिसायचा, मोठा, पांढरा. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो, पण आकडे मला येतात. गाडी चालली की आकडा चढायचा. साठ, ऐंशी, नव्वद. मी बरोबर ओळखलं की हा इंजीन तापल्याचा आकडा आहे. पाणी शंभराला उकळतं हे मला कुणी सांगायला नको. आता इंजीन तापलं तर काय करायचं? जुन्या ड्रायव्हरला विचारा. इंजीनला वारा द्यायचा. म्हणून आकडा नव्वदच्या वर गेला की मी आणखी थोडा पाय द्यायचो, वारा लागावा म्हणून.

आकडा आणखी चढायचा. मी म्हणायचो, इंजीन माझ्या हाताला नवीन आहे, वळणावर यायला वेळ लागेल.

आणि गाडी थांबली की आकडा शून्य. मला त्या गाडीचं एवढं कौतुक वाटायचं! जुनी गाडी थंड व्हायला अर्धा तास घ्यायची. ही एका क्षणात गार. पारावर मी हे दोघातिघांना सांगितलंही. त्यांनी माना डोलावल्या. त्यांना तरी काय माहीत?

बायको मात्र कुरकुर करायला लागली. आम्ही दोघं दर आठवड्याला मोताळ्याच्या बाजाराला जातो. परत येताना ती मांडीवर भाजी घेऊन निवडत बसते. एक दिवस म्हणाली, "पयले घर येईपर्यंत दोन जुड्या मेथी निवडून व्हायची. आता अर्धी होत नाही."

"तुहा हात मंद झाला," मी म्हणालो. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, वय झालं.

आता तंटा कसा उभा राहिला ते ऐका. मोताळ्याच्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे. फाट्यापासून गावापर्यंत दोन किलोमीटर सरळ डांबरी रस्ता. मका निघाला की लोक त्याच रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. कौसाबाईनंही घातला होता. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, एकटीनं चार एकर करते, आणि तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. ती समितीपुढे आली. बाजाराच्या दिवशी दुपारी एक गाडी वाऱ्यासारखी येते, म्हणाली. मका नाल्यात जातो, कोंबड्या दोन दिवस अंडी देत नाहीत, आणि डोळे उघडून पाहावं तर गाडी गेलेली.

मी विचारलं, गाडी कशी आहे.

"लाल हाये भाऊ. लहान हाये," ती म्हणाली. आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, न्याय मागते आहे.

मी विचार केला. गावात येणाऱ्या लहान लाल गाड्या दोनच. एक माझी. दुसरी शाळेच्या गुरुजींची. ते रोज नांदुऱ्याहून येतात, गावात लागून चारच महिने झाले होते. दोनातून एक गेली, राहिली किती? मी तसं बोलून दाखवलं. समितीतल्या सगळ्यांनी खाली पाहिलं. मी ती संमती धरली.

गुरुजींना बोलावलं. तिशीतला माणूस, गोल पोटाचा, मऊ बोलण्याचा. म्हणाले, मी बाजाराच्या दिवशी दुपारी वर्गात असतो. मी म्हणालो, चोर कधी देवळात नसतो काय? याला काही अर्थ नव्हता, पण मी जोरात म्हणालो. शिक्षाही मीच सांगितली. गुढीपाडव्यापर्यंत गाडी फाट्यावर लावायची आणि गावात पायी यायचं.

"गाव म्हणेल तसं," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तो माणूस डबा आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन दोन किलोमीटर चालत यायला लागला. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण शाळेच्या मुलींची कबड्डी तालुक्याला जाणार होती. बाकीच्या घरच्यांच्या मोटारसायकलवर जाणार होत्या, राहिलेल्या चौघींना ते आपल्या गाडीतून नेणार होते. आयांनी नाही म्हटलं. असल्या हाणणाऱ्याच्या गाडीत आम्ही पोरी बसवत नाही, म्हणाल्या. मुली रडल्या. गुरुजींनी एसटीचं वेळापत्रक विचारलं, पण त्या वेळेला एसटी नव्हती. चौघी नाहीत म्हणून संघच गेला नाही. मला थोडं वाईट वाटलं. पण न्याय म्हणजे न्याय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मका पुन्हा नाल्यात. आणि त्या वेळी गुरुजींची गाडी फाट्यावर उभी होती आणि गुरुजी स्वतः, त्या दिवशी शाळा लवकर सुटल्यामुळे, रस्त्यानं चालत फाट्याकडे निघाले होते. त्यांच्या हातातल्या वह्या उडाल्या म्हणे.

त्याच संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर आले. मला वाटलं, शिक्षा कमी करून मागायला आले. चहा दिला. त्यांनी विचारलं, बापू, नवीन गाडी कशी चालते? कुणी गाडीचं विचारलं की मला राहवत नाही. मी सगळं सांगितलं. आवाज नाही, कप्पा उघडत नाही. इंजीन जरा तापट आहे, कधी कधी एकशे पाचपर्यंत जातं, पण वारा दिला की आपण निर्धास्त. गुरुजींचा कप तोंडाजवळच थांबला.

"बापू, तो आकडा..."

"शिक्षा कमी होणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि नमस्कार करून गेले. आता कळतं की त्या दिवशी मी दोन मिनिटं गप्प बसलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण मी सत्तर वर्षांत बसलो नाही.

समितीत पुन्हा कौसाबाई. यावेळी तोडगाही तीच घेऊन आली. फाट्याच्या आत शंभर पावलांवर, दुरून दिसेल अशी, बैलगाडी आडवी लावायची. गाडी थांबेल, माणूस हातात सापडेल. मला पटलं. दिवस मी ठरवला, बाजाराचा. वेळ मी ठरवली, चारची. आणि बजावलं की मी मोताळ्याहून येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, जे बोलायचं ते मीच बोलणार.

"हाव भाऊ," कौसाबाई म्हणाली. "तुमच्याबिगर होनारच नाही ते."

बाजाराच्या दिवशी मोताळ्यात बायकोनं भावावरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत वेळ काढला. पावणेचार झाले. माझा जीव वर-खाली. तिकडे चोर सापडेल आणि मी नाही! मी निघालो. आकडा एकशे दहा. मी म्हणालो, तापू दे आज.

फाटा वळलो. पुढे बैलगाडी आडवी. पन्नास-साठ माणसं, बायका, कौसाबाई पुढे, शाळेतून रजा काढून आलेले गुरुजी बाजूला. ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ब्रेक चांगले आहेत, ते मी नाकारत नाही.

मला भयंकर राग आला. मी यायच्या आत धरला होता ना! मी दार उघडून उतरलो आणि विचारलं, "धरला काय?"

सगळे माझ्या गाडीकडे पाहत होते.

"सोडला काऊन मग? कोठी गेला?" मी बैलगाडीच्या पलीकडे पाहिलं, नाल्यात पाहिलं, मागे वळून रस्ता पाहिला. रस्त्यावर माझ्याच गाडीनं उडवलेली धूळ खाली बसत होती. गाडीत बायको दोन्ही हातांनी मेथीच्या जुड्या छातीशी धरून बसली होती. एकीचीही दोरी सुटलेली नव्हती.

कौसाबाई पुढे आली. "धरला ना भाऊ," ती म्हणाली. "आता तुमी बोलनार होते नं त्याले. बोला."

मी बैलांकडे पाहिलं. बैलांनी माझ्याकडे पाहिलं.

तरी मला पुरतं कळलं नव्हतं, खरं सांगतो. मी म्हणालो की माझी गाडी चाळीसनं चालली होती. तेव्हा गुरुजी हळूच जवळ आले, खिडकीतून आत बोट दाखवलं आणि पहिलीच्या पोराला अक्षर दाखवतात त्या आवाजात म्हणाले, "बापू, तो इंजीन तापल्याचा आकडा नाही. वेगाचा आहे."

सगळ्यात आधी माझी बायको हसली. मग कौसाबाई. मग सगळी पन्नास-साठ माणसं, आणि काही जण तर बैलगाडीचं चाक धरून खाली बसले. मी उभाच होतो. माणसानं अशा वेळी तोंड कुठं करावं हे चौथीपर्यंत शिकवत नाहीत.

हसून झाल्यावर लोक म्हणाले, जाऊ द्या बापू, चूक झाली, बसा गाडीत. मी म्हणालो, नाही. शिक्षा मी सांगितली होती, ती ज्याची त्याला. गाडी फाट्यावर नेऊन गुरुजींच्या गाडीशेजारी लावली आणि गुरुजींना त्यांच्या गाडीची मोकळीक दिली. म्हणजे तोंडानं एवढंच म्हणालो, "गुरुजी, चुकलो." हे दोन शब्द मला दोन किलोमीटरपेक्षा जड गेले.

गुरुजी म्हणाले, "बापू, चालून चालून माझं पोट उतरलं. तुमचे उपकार आहेत." असा माणूस. बायको म्हणाली, शिक्षा यांना झाली, मला नाही, आणि गुरुजींच्या गाडीत पुढे जाऊन बसली. मी पायी निघालो. अख्खं गाव माझ्या मागून चालत. गुडघे कुरकुरत होते, मी नाही.

त्याच आठवड्यात मी त्या चार मुलींच्या घरी जाऊन आयांना सांगितलं की हाणणारा मी होतो. त्या पदर तोंडावर धरून ऐकत होत्या. पुढे कबड्डीची आणखी एक स्पर्धा होती, मुली गुरुजींच्या गाडीतून गेल्या आणि जिंकूनही आल्या. अध्यक्षपद मी सोडलं. गावानं गुरुजींना दिलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी मानानं चहा पीत बसलो असतो. पण कौसाबाईची माफी मागायची राहिली होती. तिच्या दारात गेलो. ती सूप घेऊन मका पाखडत होती. माफी ऐकून घेतली आणि म्हणाली की माफी-बिफी काही नको, पोरीकडे नांदुऱ्याला जायचं आहे, एकदा त्या गाडीत बसवून न्या.

नेलं. फाट्यापासून. मी आकड्यावरून नजर हलवली नाही. चाळीस म्हणजे चाळीस. सायकलवाला पुढे गेला तरी चाळीस. कौसाबाई थोडा वेळ इकडे-तिकडे पाहत बसली. मग म्हणाली, "गाडी बिघडली काय भाऊ?"

मी आकड्याकडे बोट दाखवलं.

"माह्या मक्यावरून त चांगली पयत होती. मले म्हातारीले पाहून मरगळली दिसते." आणि वर म्हणाली, "का तुमचंच वय झालं?"

आता तुम्हीच सांगा, हे माणसानं किती वेळ ऐकून घ्यावं? रस्ता सरळ होता, मोकळा होता. मी पाय जरासा दिला. कौसाबाई टाळ्या वाजवायला लागली. आकडा ब्याण्णव. आणि समोरून, चाळीसच्या वेगानं, नवीन अध्यक्षांची लहान लाल गाडी आली.

त्यांनी काच खाली करून नुसता नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावरून पायी येत होतो तर माझ्याजवळ थांबले आणि विचारलं, "बापू, काल इंजीन फार तापलं होतं का?"

खोटं मी बोलत नाही. म्हणून पाडव्याला सुटणार होतो तो आता आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पायी आहे. चहा झाला असेल तर उठतो. या फाट्यावरून गावात दोन किलोमीटर जायचंय.