शामकलाबाई दवाखाना पाहायला जाते

आमच्या दवनीवाड्यात कुणाच्या पोरीची सोयरीक जमत आली की शामकलाबाईला बोलावणं येतं. शामकलाबाई माझी मोठी जाऊ. घर पाहावं तर तिने, असं गाव म्हणतं. आगाऊपणा करावा तर तिने, असं मी म्हणते. बाकीची माणसं पुढच्या खोलीत बसून पोहे खातात, पोराची नोकरी विचारतात. ही पाणी प्यायच्या निमित्ताने उठते ती थेट मागच्या दारी. चुलीपाशी उभी राहते, म्हाताऱ्या सासूच्या खाटेवर बसते, कुंपणावरून शेजारणीशी बोलते. आणि कधीच कळवून जात नाही. कळवून गेलं की घर दिसत नाही, मांडून ठेवलेलं दिसतं, असं तिचं म्हणणं. किती सोयरिकी तिने मोडल्या याला गणती नाही, आणि त्या पोरींच्या आया आज तिचंच नाव घेतात, हेही मला कबूल करावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात खळ्यावर धानाची चुरणी चालली असताना तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, छातीत दुखून आलं. दुलीचंदभाऊ तसे धडधाकट माणूस. त्या वेळी निभावलं. पण डॉक्टरने शामकलाबाईला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर तासाभरात यांना हृदयाच्या डॉक्टरसमोर न्या, नागपूरपर्यंत हे टिकायचे नाहीत. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांना शेतातून यायला जरा उशीर झाला की ही बांधापर्यंत जाऊन पाहायची.

तिचा भाचा स्वप्निल गोंदियात विम्याचं काम करतो. जुना आजार असला तरी घेतील अशा दोन पॉलिसी त्याने आणल्या. एकीचा हप्ता जड, आणि ती चालणार गोंदियातल्या रेल्वे लाइनजवळच्या जुन्या दवाखान्यात. दुसरीचा हप्ता हलका, आणि ती चालणार शहराबाहेरच्या नव्या तीन मजली दवाखान्यात. हृदयाचे डॉक्टर दोन्हीकडे आहेत असं लिहिलेलं होतं. जुना दवाखाना शामकलाबाई पाहून आली होती आणि नाक मुरडत होती. जिन्यात माणसं पसरलेली, खिडक्यांना ओली लुगडी, डॉक्टर भेटेपर्यंत अर्धा दिवस जातो. नव्याचे फोटो मोबाइलवर पाहून मात्र ती खूश होती. स्वप्निल म्हणाला की कंपनीच्या यादीत नाव आहे, कॅशलेस आहे, आजच भरून टाकू. तिने त्याला एवढंच विचारलं की तू आत जाऊन पाहिलंस का. त्याने पाहिलं नव्हतं. कोणीच पाहत नाही, असं तो हसत म्हणाला.

म्हणून सकाळच्या बसने आम्ही दोघी निघालो. मला कायले नेते, असं मी विचारलं तर म्हणाली की घर पाहायला एकटीने जात नाहीत.

ऑटोवाल्याने आम्हाला दारात सोडलं आणि लगेच गाडी वळवली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधे ती पांढरी इमारत. मला पहिल्यांदा काही कळलं नाही, नुसतं अंग चोरून घ्यावंसं वाटलं. मग लक्षात आलं की समोर चहाची टपरी नाही. औषधाच्या दुकानासमोर कोणी नाही. कोणाची वाट पाहत बसलेलं एकही माणूस नाही. आत फरशी इतकी स्वच्छ की आमची पावलं उमटत होती. औषधाचा वास नव्हता, नव्या रंगाचा होता.

टेबलामागच्या पोरीने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आम्ही काही विचारायच्या आत ती उठली.

"देर कर दी आप लोगों ने," ती म्हणाली. "चलो ऊपर. साहब लोग आते ही होंगे."

मला वाटलं स्वप्निलने फोन केला असेल. शामकलाबाई माझं मनगट धरून जिना चढली.

वर मोठी खोली होती. दोन्ही बाजूंना खाटा, आणि प्रत्येक खाटेवर माणूस. सगळे उताणे, हिरवी चादर गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले. कोणी खोकत नव्हतं. कोणाजवळ त्याचं माणूस नव्हतं, डबा नव्हता, पाण्याची बाटली नव्हती. सलाइनच्या नळ्या चादरीखाली गेल्या होत्या, पण बाटलीतलं पाणी गळत नव्हतं. इतकी माणसं एका खोलीत असून इतकी शांतता मी आजवर मयताच्या घरीही ऐकलेली नाही.

पोरीने आमच्या हातात एकेक चादर दिली. चपला खाटेखाली ठेवायच्या, बोलायचं नाही, हलायचं नाही, जेवण नंतर मिळेल, असं सांगून ती गेली. मी जिन्याकडे पळणार होते. शामकलाबाईने मला ओढलं.

"झोप चुपचाप," ती माझ्या कानात म्हणाली. "असं घर मले पुन्हा पाहाले भेटनार नाई."

मी झोपले. छताकडे पाहत पडले असताना एक आवाज ऐकू यायला लागला. लोखंडावर लोखंड आपटावं तसा, बारीक, न थांबणारा. कुठून येतो कळेना. मान न वळवता मी नुसती बुबुळं फिरवली. शामकलाबाईच्या पलीकडची खाट थरथरत होती. तिच्यावरची बाई डोळे मिटून होती आणि तिचे दात वाजत होते.

शामकलाबाईने चादरीखालून हात नेऊन तिच्या हाताला लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. काय होतं व, असं विचारलं.

"थंडी वाजून राहिली. रातभर ताप होता," बाई पुटपुटली. "सांगू नोको, माये. रोजी कापतील. सालेकशाहून गाडीत आनलं आमाले. झोपाचंच काम हाये."

तेवढ्यात बुटांचे आवाज आले. पांढऱ्या कोटातला एक माणूस पुढे, मागे कंपनीचे दोन साहेब. दवाखाना यादीत ठेवायचा की नाही हे पाहायला आलेले ते हेच, हे मला पडल्या पडल्या समजलं. कोटवाला खाटेखाटेपाशी थांबून आजार सांगत होता. शामकलाबाईपाशी आला. तिच्याकडे वाकून पाहिलंही नाही.

"हार्टची पेशंट," तो म्हणाला. "काल रात्री अटॅक आला होता. वेळेवर आणलं म्हणून वाचली."

साहेबांनी मान हलवली. शामकलाबाईच्या मिटलेल्या पापण्या थरथरताना मी पाहिल्या. पुढच्या खाटेचा आवाज त्यांना ऐकू गेलाच असणार, पण कोटवाल्याने थंडी-तापाची पेशंट म्हटल्यावर साहेबाने कौतुकानेच पाहिलं. मग ते चहाला खाली गेले. कोटवाला मागे राहून कपाळाचा घाम पुसत होता.

शामकलाबाई उठून बसली. पलीकडच्या बाईचे डोळे पांढरे झाले होते आणि खाट आता वाजत नव्हती.

"डॉक्टरसाहेब, इकडे या. हे बाई खरंच बिमार हाये. पाहा तिले."

तो आला. बाईकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग दाराकडे. गळ्यातल्या नळीला त्याने हात लावला आणि तसाच सोडून दिला. तो डॉक्टर होता की तोही आमच्यासारखा आणलेला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "हिला लवकर एखाद्या दवाखान्यात न्या."

आम्ही दोघींनी तिला उचललं. नाव नंदाबाई, एवढं तिने जिन्यात सांगितलं. सगळ्या खाटांमधून तिला नेताना कोणी उठलं नाही, कोणी डोळे उघडले नाहीत. सरकारी दवाखान्यात मलेरिया निघाला, आणि ती वाचली.

तिथल्या व्हरांड्यातून शामकलाबाईने स्वप्निलला फोन करून जड हप्त्याची पॉलिसी भरायला सांगितली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"गीता," ती म्हणाली, "तुया भासऱ्यायचा जीव जाऊन राहिला असता, अन् मी त्यायले घेऊन तिथंच धावली असती."