मागचं दार

घरात आला की पाणीही न पिता तो सरळ मागचं दार ढकलून पाहायचा. उघडलं नाही की तोंड कडू. "काका, माणसाले दोन वाटा पाह्यजे." तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला लिहू.

घाटंजीत आमच्या शेजारी राहायला आला तेव्हा पन्नाशीचा असेल. त्याआधी दूर समुद्रात एका बोटीवर स्वयंपाकी होता. पाण्यात बुडी मारून मासे पाहणारे हौशी लोक रात्री बोटीतच झोपत, खालच्या मजल्यावर. वर यायला एकच जिना. त्यांच्या पाण्याखालच्या दिव्यांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला. एका रात्री तिथूनच आग लागली. खालचे वर आले नाहीत.

हे त्यानं माझ्या बायकोला सांगितलं होतं, भाकर खाता खाता. त्या रात्री जागायची पाळी त्याची होती अन् त्याचा डोळा लागला, हेही. तिनं ते मला सांगितलं. सांगायला नको होतं.

आमच्या मागच्या खोलीत कापूस भरला होता, पार छतापर्यंत, भाव चढायची वाट पाहत. मागचं दार त्याच्याआड गेलेलं. इथं कोणाचं जात नाही? फवारणीचा बॅटरीचा पंप पुढच्या खोलीत चार्जिंगला, खाली कापसाचं गाठोडं.

"काका, पंप आंगनात लावा. दारापासून कापूस हलवा."

"तू कायले बोलून राह्यला? घर माह्यं हाय."

"अवो, खरंच तं सांगून राह्यला तो," बायको म्हणाली. "हलवा ना."

मग माझं तोंड सुटलं. "तू झोपला म्हून माणसं जळली. आता आमाले शिकवतं काय?"

चहाचा कप त्यानं तसाच भरलेला खाली ठेवला अन् गेला. पुन्हा आमच्या घरात आला नाही. मला बरं वाटलं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी मी मिरच्या घेत होतो, तेव्हा कोणीतरी ओरडत आलं. पंप पेटला होता. पुढचं दार आगीत. बायको घरात एकटी, ती मागे पळाली असणार. मी पोचलो तेव्हा कुऱ्हाडीनं मागचं दार फोडून तो दोन्ही हातांनी कापूस उपसत होता. "काकू, बोला! काकू!" कापूस संपेना. धूर यायला लागला तरी हटेना, लोकांनी ओढून काढला.

तिच्या तेरवीला तो दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हात पट्ट्यांत बांधलेले. मी वाट पाहत होतो, आता म्हणेल. आता शिवी देईल.

"काका, जेवले काय तुमी?"

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर मी त्याला माफ केलं असतं.

महिन्याभरात खोली सोडून गेला. कुठं, ते कोणाला सांगितलं नाही.

घर नीट करून घेतलं. मागचं दार तेवढं बसवलं नाही. तिथून शेजाऱ्यांच्या शेळ्या आत येतात अन् पुढच्या दारानं निघून जातात. मी मधे बसलेला असतो. हाकलत नाही.