सोळा घरांना पाठवलेला गुप्त मेल

मूर्खपणा करायचाच तर माणसाने एकट्याने, दार लावून करावा. मी तो सोळा घरांना पाठवला, तोही दोनदा. हसू नका, आधी ऐका तरी.

ठाण्याच्या नौपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मागच्याच गल्लीत आमची सोसायटी. सोळा बिऱ्हाडं. जुनी बिल्डिंग पाडून नवीन बांधायची बोलणी चाललेली आणि मी सेक्रेटरी. सेक्रेटरी कसा झालो? त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो, एवढाच माझा गुन्हा.

तर नव्या बिल्डिंगचे नकाशे कमिटीला मेलवर आले आणि दोन दिवसांत शेजारच्या सोसायटीतल्या लोकांच्या फोनवर दिसायला लागले. कोणी फोडले कळेना. पण मेल सगळे माझ्या हातून जायचे, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ज्यांच्या नाकावर मी वीस वर्षं चष्मे बसवले, ते लोक त्याच चष्म्यांतून माझ्याकडे संशयाने बघत होते. मला ते फार लागलं. तिरीमिरीत बोलून गेलो, "यापुढे कमिटीचा मेल कुलूपबंद जाईल. ज्याच्याकडे किल्ली, तोच वाचेल."

"म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?" चेअरमन दामल्यांनी विचारलं.

मला काय माहीत? पण ज्याला माहीत होतं, तो माणूस डोंबिवलीत होता.

प्रकाश कांबळे, माझा कॉलेजपासूनचा मित्र. एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. माझा मरायला टेकलेला लॅपटॉप यानेच लिनक्स नावाची सिस्टिम घालून उठवून बसवलेला. प्रकाशचं अख्खं आयुष्य एका टेक्स्ट एडिटरमध्ये चालतं. म्हणजे बघा, एक काळी खिडकी, तिच्यात नुसतं लिहायचं. माऊसला हात लावायचा नाही, सगळं कीबोर्डवर. मेल त्यातच लिहितो, त्यातच वाचतो, किराण्याची यादीही त्यातच. आंघोळीला तेवढा बाहेर येतो.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेलेलो. दोन तास खपून त्याने माझ्या एडिटरमध्ये मेल बसवला, माझी किल्ली तयार केली, त्याच्या किल्लीने उघडणारं कुलूप माझ्याकडे घातलं. मग म्हणाला, "हे बघ, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सही, एक कुलूप. दाबायच्या कळा जवळजवळ सारख्या, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. लिहून घे."

"राहील रे लक्षात."

"सतीश, लिहून घे."

"अरे, गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर मला तोंडपाठ असतात. दोन अक्षरं काय घेऊन बसलास?"

दुपारी जेवून लॅपटॉप उघडला. अक्षरं आठवली, एस आणि सी. आता तुम्हीच सांगा, एस म्हणजे काय? सिक्रेट. यात विचार कसला करायचा? मी एस दाबला. मेलच्या डोक्यावर लगेच इंग्रजीत एक ओळ उमटली, तिच्यात शब्द होता 'सिक्युअर'. त्या ओळीत पुढेही बरंच काही होतं, पण इतका चांगला शब्द मिळाल्यावर पुढचं कोण वाचतो?

बेत असा होता की मेल प्रकाशला जाणार आणि सोबत सोळाही घरांना. किल्ली फक्त प्रकाशकडे, म्हणजे मजकूर त्याला एकट्याला दिसणार. बाकीच्यांना नुसती गिचमीड. लोकांची खात्री पटणार, माझ्या नावावरचा डाग जाणार.

माझी बायको मेधा म्हणाली, "आधी प्रकाशभावजींना एकट्यांना पाठवून बघा ना."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हटलं.

आणि मजकूर काय लिहिला? कोणी वाचणारच नाही म्हटल्यावर मनातलंच लिहिलं. 'प्रिय प्रकाश, ही चाचणी आहे. आमचे पेठेकाका मीटिंगमध्ये "दोनच मिनिटं बोलतो" म्हणून उभे राहतात आणि ते खाली बसेपर्यंत समोरच्या पोरांना मिशा फुटतात.' पाठवायला गेलो तर त्याने पासवर्ड मागितला. मी खूश. कुलूप लागल्याशिवाय पासवर्ड कोण मागेल?

दहा मिनिटांत दामल्यांचा फोन. "सतीशराव, मेल आला. कुलूपबंद म्हणालेलात, म्हणून वरचं न वाचता खाली जोडलेलं होतं तेच उघडलं. नुसती गिचमीड आहे हो, एक अक्षर लागत नाही."

"लागणारच नाही, दामले." माझा आवाज इतका भारदस्त मी स्वतःही कधी ऐकला नव्हता.

"कमाल आहे. अजून एक पाठवा बघू, आमच्या हिला दाखवतो."

पाठवला की. आणि या वेळी हात चांगलाच मोकळा सुटला. 'दामल्यांनी परवा नकाशा अर्धा तास उलटा धरलेला. ज्या हॉलचं ते कौतुक करत होते, ते पार्किंग होतं. सावंतबाईंना नव्या बिल्डिंगमध्ये योगासाठी गच्ची हवी आहे. आहे त्या गच्चीवर बाई आजवर फक्त कोण कोणाशी बोलतंय ते बघायला गेल्या.' पुन्हा एस, पुन्हा पासवर्ड. मग मी छान ताणून दिली.

सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोच सावंतबाई आल्या. त्यांचा वाचायचा नवीन चष्मा तयार होता. तो त्यांच्या नाकावर बसवला आणि तपासायला छापील कार्ड पुढे केलं.

"कार्ड कशाला? फोनवरच बघते की." त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला आणि सावकाश, स्वच्छ उच्चारांत वाचायला लागल्या, "सावंतबाईंना... नव्या बिल्डिंगमध्ये... योगासाठी..."

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नंबर बरोबर आहे. सगळं दिसतंय."

त्या गेल्यागेल्या प्रकाशला फोन लावला. तो रविवारी मी निघाल्यावर आईला घेऊन खडवलीला मावशीकडे गेलेला, मेल त्याने नुकतेच उघडलेले.

"तू हे सोळा जणांना का पाठवलंस?" त्याचा पहिलाच प्रश्न.

"अरे पण कुलूप..."

"कुठलं कुलूप? एस म्हणजे साइन. तू सही केल्येस. सहीत मजकूर उघडाच असतो. खाली जोडलेली ती गिचमीड म्हणजे तुझी सही."

"पण त्याने पासवर्ड मागितला."

"सही करायला मागतो. कुलूप घालायला मागतच नाही. आणि खरंच कुलूप घालायला गेला असतास ना, तर त्या सोळा जणांची कुलपं कुठायत असं त्यानेच विचारलं असतं."

"बरं, संध्याकाळी ये आणि आमच्या लोकांना जरा समजाव," एवढंच मी त्याला सांगितलं.

संध्याकाळी मीटिंग बसली. सेक्रेटरी मी, पण बोलावली दुसऱ्यांनीच. घाबरलेल्या माणसाला सुचतं ते मला सुचलं. मी उभा राहून म्हटलं, "माझा मेल कोणीतरी हॅक केलाय. यातलं एक वाक्य माझं नाही."

"तेच म्हटलं मी," पेठेकाका लगेच म्हणाले. "सतीश माझ्याबद्दल असं लिहिणार नाही. लहानपणापासून ओळखतो मी त्याला."

खरं सांगतो, त्या क्षणी मला कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दामल्यांनी प्रकाशला विचारलं, "तुम्ही यातले जाणकार. दुसऱ्या कोणी लिहिला असेल का हा मेल?"

"शक्यच नाही," प्रकाश म्हणाला. त्याच्या विषयावर विचारलं की तो खुलतो. "यावर सतीशची सही आहे. ती त्याच्या किल्लीशिवाय होत नाही आणि किल्ली त्याच्या एकट्याकडे आहे. शिवाय वाटेत एक काना-मात्रा बदलली असती तरी कळलं असतं. कागदावरची सही खोटी करता येते, ही नाही येत. दोन्ही मेल मी तपासलेत, एकदम अस्सल."

पेठेकाकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मी उभं राहून सगळ्यांची माफी मागितली. तेव्हा दामले चुळबुळत म्हणाले, "आता निघालंच आहे तर सांगतो. नकाशे मीच बाहेर पाठवले. शेजारच्या सोसायटीतल्या मेव्हण्याला. कुठली बाजू वर, ते कळेना म्हणून."

पेठेकाकांकडे मी दुसऱ्या दिवशी वेगळा गेलो. दार उघडून म्हणाले, "ये. दोनच मिनिटं बस." दीड तासाने उठलो. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

सेक्रेटरी मी अजून आहे. लोक बोलतात, हसतातही. घरचं मात्र अवघड झालंय. परवा एका लग्नाला निघालेलो, मेधाने नवीन साडी नेसून विचारलं, "कशी दिसत्येय?"

"छान," मी म्हटलं.

तिने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. "तोंडी नको. सही करून पाठवा."