वेलीचं पाणी तोडताना

शिरूर कासारजवळचा आमचा माळ बघून कुणी 'वा' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वाइनच्या कारखान्याचा अधिकारी मात्र तसं म्हणाला. हातात मुरूम घेऊन त्यानं माझ्या चुलत्यांना सांगितलं, की काळ्या रानात वेल नुसती पाल्यावर जाते. इथं मुरूम, कमी पाऊस, दिवसा ऊन आणि हिवाळ्यात रात्री गारठा, म्हणजे द्राक्षाला रंग आणि रसाला गोडी. आमच्या दुष्काळाचं एवढं कौतुक ऐकून चुलते चक्क लाजले.

चुलत्यांचं किराणा दुकान. गळ्यात लिंग, घरात दारूचा थेंब नाही. वाइनचं द्राक्ष लावावं का, यावर घरात बरेच दिवस खल झाला. शेवटी, आपण फळ पिकवायचं, पुढं लोक त्याचं काय करतात ते त्यांचं त्यांच्यापाशी, असा तोडगा निघाला. हातभट्टीवाल्यांना गूळ विकताना आम्ही हाच नियम पाळत आलो होतो.

वेली छान आल्या. सगळा माल कारखाना घेणार होता. अट एकच, तोडणीआधी पाणी बंद करायचं. वेल तहानली की रस दाट होतो म्हणे. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. कारखान्यानं नाही म्हटलं, की एवढ्या वर्षांची मेहनत मातीत.

फेब्रुवारीत ऊन चढलं, पानं मलूल झाली आणि चुलत्यांना जेवण गोड लागेना. उन्हाळ्यात दुकानापुढं रांजण भरून ठेवणारा माणूस; गिऱ्हाइकाला आधी पाणी, मग सौदा. तो रोज बांधावर उभा राहून सुकलेली पानं किती दिवस बघणार? तोडणी तोंडावर आली असताना त्यांनी गपचूप टँकर बोलावला.

अधिकारी आला तेव्हा मणी टपोरे झाले होते. चुलते शाबासकीची वाट बघत उभे. त्यानं रसाचा थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर ठेवला, यंत्र डोळ्याला लावलं, मग दुसरा घड घेतला, तिसरा घेतला. रस पातळ निघाला. माल घेता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. पाणी जास्त झालं म्हणून पीक वाया गेलेले अख्ख्या तालुक्यात आम्ही पहिलेच असू. मला चुलत्यांचा भयंकर राग आला.

अधिकारी भला होता. समजावत म्हणाला, "काका, वेलीनं सोसलं तरच वाइन चांगली होते."

चुलत्यांनी टोपी काढून घाम पुसला. "सोसायला आमी हावोत की," ते म्हणाले. "तिनं कावून सोसायचं?"

माझा राग तिथंच विरला. कारखान्याची गाडी मात्र रिकामीच गेली.