तिघांच्या मधली चौथी तार

आमच्या पासली गावात विजेचा खांब नव्हता, महायुद्धामुळे चिमणीला रॉकेलही मिळत नव्हतं, आणि मी मात्र पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वीज शिकत होतो. शिकत होतो म्हणजे काय, शेवटच्या वर्षाच्या एका पेपरात सपशेल आपटून घरी आलो होतो. वीज गावोगाव न्यायची कशी, आणि कुठं बिघाड झाला तर कुठल्या तारेवर किती भार येईल, हे आधीच कागदावर मांडायचं, असा तो पेपर. ऑक्टोबरात पुन्हा बसता येणार होतं. घरच्यांनी जाऊ दिलं तर.

घर तिघा भावांचं. माझे वडील म्हणायचे, पोरगं परीक्षेला जाईल. मधले काका म्हणायचे, "लई झालं शिकून! हितं भाताला मानूस न्हाई." धाकट्या काकांना सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक, लग्न. पालीची एक मुलगी त्यांनी मनात ठरवूनही टाकली होती. जेवायला बसलं की तिघांची जुंपायची, आणि हात धुवेपर्यंत निकाल काहीच नाही. मी वाढलेलं गिळून माळ्यावर पुस्तकाकडे पसार.

वर्षभर डोक्यात न शिरलेली गोष्ट एकदा आमटी ओरपताना शिरली. विजेच्या तारा तीन, आणि चौथी मधली, न्यूट्रल. तिघी सारख्याच जोरानं पण वेगवेगळ्या दिशांना ओढत असल्या, की चौथीवर काहीच येत नाही. अहो, मीच तो न्यूट्रल! मग काय, मी हिशेबानं वागू लागलो. धाकटे काका जरा मवाळ दिसले की हळूच म्हणायचं, "पालीची माणसं बरी आहेत म्हणतात." की भांडणाला परत रंग चढलाच.

पण ज्ञान पोटात राहीना. मधल्या काकू भाकरी थापत होत्या. चुलीपुढं तीन लाकडं मांडून मी त्यांना सगळं समजावलं. वर हेही सांगितलं, की तिघी एकाच वेळी एकाच दिशेला ओढू लागल्या, तर तिघींचा भार चौथीवर पडतो.

"म्हंजे ही तिघं भांडत्यात म्हून तू बसून खातोस व्हय रं, मुडद्या?" काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत ते घरभर झालं. तिघे भाऊ जन्मात पहिल्यांदा एका बाजूला आले. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात विळा, पुढ्यात लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची खाचरं, आणि मागून तीन आवाज, "वाक की जरा!" कंबरडं पार मोडलं. वडीलसुद्धा परीक्षेचं नाव काढीनात. गेली परीक्षा, असं धरून एका दुपारी मी बांधावर ढसाढसा रडलो. एवढा घोडा झालो होतो, तरी रडलो.

ते धाकट्या काकांनी पाहिलं. तडक मधल्या काकांकडे गेले. जेवताना मधले काकाच गरजले, "आमाला तारंत बशिवतो, मग पेपरात काय धाड भरती ह्येला? जाऊ द्या. पर पळून येतोय का बघाया आमी तिघंबी जानार."

"व्हय, जानार!" उरलेले दोघं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "आन् भात कुनी कापायचं?"

तिघे आलेच. नसरापूरपर्यंत चालत, पुढं, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालवलेल्या मोटारीनं. कात्रजच्या घाटात ती बसली, तेव्हा तिघांनी मिळून ढकलली, तीही न भांडता. मला तर घामच फुटला.

पेपर हातात पडला आणि पहिलाच प्रश्न डोक्यावरून गेला. उठून निघून जावं असं वाटलं. खिडकीतून पाहतो तर समोरच्या पायरीवर तीन मुंडाशी ओळीनं, तोंडं माझ्याकडे. कसला उठतोय! मुकाट्यानं दुसरा प्रश्न घेतला, मग चौथा, आणि घंटा होईतो लिहीत राहिलो. त्या पेपरात मी सुटलो, पण ते पुढं कळलं.

बाहेर आलो. कसा गेला, असं कुणीच विचारलं नाही. वडिलांनी फडकं सोडलं. घरनं बांधून आणलेल्या भाकऱ्या जशाच्या तशा.

"तुम्ही जेवला नाहीत?"

मधले काका खेकसले, "तू आत उपाशी, आन् आमी काय हितं गिळत बसनार व्हय?"

चौघं तिथंच पायरीवर जेवायला बसलो. माझे डोळे वाहू लागले, ते मी मिरचीवर ढकललं. मिरची अजून कुणी मोडलीही नव्हती.