रुमालमास्तरांचा पसंतीक्रम

रुमालमास्तरांबद्दल लिहायचं मी सहा वर्षं टाळत आलो. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी दोनदा लेख मागितला गेला, दोन्ही वेळा मी गुडघ्यांचं दुखणं पुढे केलं. गुडघ्यांनी काही लिहीत नाहीत हे मागणाऱ्यांनाही कळत होतं. पण मास्तरांबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागलं असतं. आता ऐंशीला टेकलो आहे. लिहून टाकतो.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहत. खरं तर ते मास्तर नव्हतेच, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. पण समजावून सांगायची अशी हौस, की सगळे मास्तरच म्हणत. रुमाल हा त्यांचा स्वतःचा शोध. कुठेही नव्या जागी गेले की खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढायचे, ओला करून पिळायचे आणि खिडकीच्या गजाला बांधायचे. संध्याकाळी तो सोडून उजेडात धरायचे. "बघा, इथे राहणाऱ्याने आज एवढं आत घेतलं," म्हणायचे. "रुमालाला साबण लावता येतो. फुफ्फुसाला काय लावणार?"

त्यांचे वडील वेंगुर्ल्याहून गिरणीत आलेले. कापूस पिंजायच्या खात्यात आयुष्य गेलं आणि खोकत खोकतच संपलं. मास्तरांना स्वतःला लहानपणापासून दमा. "बापाला जागा निवडायची सोय नव्हती," ते म्हणत. "ज्याला आहे, त्याने तरी डोळे उघडून निवडावी."

माझी नात ऋचा, म्हणजे मुलाची मुलगी, आमच्याच घरात वाढली आणि तिलाही दमा. शाळेच्या दप्तरात डब्याशेजारी पंप असायचाच. बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. आम्ही सगळे कॉलेजचं नाव, नोकऱ्या, मागच्या वर्षीचे कटऑफ बघत होतो. मास्तरांनी विचारलं, "वर्कशॉपला खिडक्या किती आहेत?" आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. "मग काय डोंबल बघितलंत?" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला आणि मला घेऊन निघाले.

कॉलेज बघायची त्यांची रीत ठरलेली. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. वारा कुठून येतो, त्या बाजूला काय जळतं, बांधकाम किती वर्षं चालणार, हे ते चहावाल्याला विचारत, ऑफिसात नाही. पूर्वेकडचं एक मोठ्या नावाचं कॉलेज होतं, मानखुर्दच्या दिशेला. तिथे गेटवर वॉचमनने अडवलं.

"किससे मिलना है, चाचा?"

"हवेला," मास्तर म्हणाले.

"हवा आज छुट्टी पे है."

"ते दिसतंच आहे रे बाबा," मास्तर धुरकट आकाशाकडे बघत म्हणाले, आणि तो हसत बाजूला झाला. शेजारी सिमेंट कालवायचा प्लान्ट होता. संध्याकाळी सोडलेला रुमाल ऋचाने स्वतः हातात धरला आणि त्याचा काळपट रंग मला दाखवला.

घाटावरचं एक कॉलेज मला फार आवडलं होतं. धुकं, झाडी, थंडगार. मास्तरांनी हॉस्टेलच्या भिंतीला नाक लावलं आणि तिलाही लावायला सांगितलं. "बुरशी आहे गो चेडवा. हिरवं दिसलं म्हणून छातीला मानवेलच असं नाय." शेवटी बोरिवलीचं एक साधं कॉलेज ठरलं. कोरड्या भिंती, वर्कशॉपला दोन्ही बाजूंनी खिडक्या, आणि ऋचाच्या मावशीचं घर चालत पंधरा मिनिटांवर. नावाला मात्र वजन नव्हतं.

मास्तरांनी स्वतः कॉम्प्युटरवर प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरला: पहिलं बोरिवली, पूर्वेकडचं पाचवं. ऋचा शेजारी बसून यादीतली नावं वाचून देत होती, स्क्रीन मास्तरांपुढे होता. ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार होता, म्हणून मी म्हणालो, "कन्फर्म मी करतो उद्या. तुम्ही आता निवांत व्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. बागेतल्या कट्ट्यावर त्याच सकाळी एकाने नातवाच्या कॉलेजचं नाव सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मला बोरिवलीच्या त्या कॉलेजचं नाव उच्चारायची लाज वाटली. दमा काय, औषधाने आटोक्यात राहतो, असं मी स्वतःला सांगितलं. पाचवं उचलून पहिल्यावर ठेवलं आणि कन्फर्म केलं.

यादी लागली. पूर्वेकडचं मिळालं. पहिला पसंतीक्रम मिळाला की तीच जागा घ्यावी लागते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. ऋचा रडायला लागली. सूनबाईने विचारलं, "बाबा, हे वर कसं गेलं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मास्तरांनी भरलं होतं तसंच मी कन्फर्म केलं."

सूनबाई तशीच खाली गेली. मी मागोमाग. "मास्तर, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता हो," ती म्हणाली. मास्तर भाजी निवडत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. फार नाही, पेल्यात पाणी ओतायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाले, "चुकलं बाई माझं. नजर आता पूर्वीची नाही. खालीवर झालं असेल."

मी सूनबाईच्या मागोमाग वर निघून आलो. त्या आठवड्यात पेढेही वाटले, कट्ट्यावर.

दिवाळीनंतर हवा जड झाली आणि ऋचाला वर्कशॉपमध्ये जोराचा अटॅक आला. चार दिवस हॉस्पिटल. सूनबाईने मास्तरांशी बोलणं सोडलं. मास्तरांनी ऋचाशी बोलणं सोडलं नाही. रोज सकाळी ती निघायच्या आत त्यांचा फोन. "आज मास्क काढू नको." "आज प्लान्टच्या बाजूच्या गेटाने जाऊ नको, लांब पडलं तरी मागच्याने जा." "पीक फ्लो किती आला? खोटं सांगू नको, माझा पण आत्ताच त्या नळीत फुंकून झालाय." त्यांनी वर्कशॉपच्या सरांना जाऊन गाठलं आणि तिची जागा खिडकीपाशी करून घेतली. वर्षभर त्या मुलीला पुन्हा अॅडमिट करावं लागलं नाही, ते या फोनांमुळे.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलता येतं, हा नियमही त्यांनीच शोधला. बोरिवलीला जागा रिकामी आहे का बघायला ते चार वेळा गेले. स्वतःची छाती भरलेली असताना जिने चढले. ऋचा तिथे गेली आणि उरलेली तीन वर्षं तिचा पंप बहुतेक दिवस दप्तरातच राहिला. आज ती नोकरी करते आणि रविवारी मैत्रिणींबरोबर डोंगर चढायला जाते. तिचे फोटो बघताना मला देवाच्या आधी मास्तर आठवतात. एवढं ऋण माझ्यावर दुसऱ्या कोणाचं नाही.

कंपनीने तिला तीन शहरांतून एक निवडायला सांगितलं, तेव्हा तिने तीनही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ फिरून बघितलं. निर्णय सांगताना हसत म्हणाली, "आबा, मास्तरआजोबांची ती फॉर्मची एक चूक सोडली, तर बाकी सगळं त्यांचं बरोबर निघालं ना!" मी तेव्हाही मान डोलावली.

गेल्या वर्षी मास्तर वेंगुर्ल्याला भाचीकडे राहायला गेले. तब्येत बिघडल्याचं कळलं तेव्हा मी एकटाच गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. ते अंगणातल्या खुर्चीत बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. मी म्हणालो, "मास्तर, त्या फॉर्मचं..." त्यांनी हात वर केला. "चेडू चढ चढताना थांबता की नाय?" त्यांनी ऋचाबद्दल विचारलं. मी म्हणालो, "नाही थांबत." "मग झालां," म्हणाले, आणि भाचीला माझ्यासाठी सोलकढी आणायला सांगितली. मला तेवढं सुटणं पुरलं. मी सोलकढी प्यायलो आणि परत आलो. तीन आठवड्यांनी मास्तर गेल्याचा भाचीचा फोन आला.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी ऋचाला आणि सूनबाईला वाचून दाखवणार आहे. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन. पण ज्यांना आधी सांगायला हवं होतं, त्यांना अंगणात बसून सांगायचं होतं ते एवढंच: मास्तर, तुमची नजर चांगली होती. क्रम मी बदलला. नातीचा श्वास माझ्या मिरवण्यापायी धोक्यात घातला आणि दोष तुमच्या दारात टाकून उभा राहिलो. मला माफ करा.