ही पोथी नाई

"वाच ना बाई. मेंबर झाली ना तू?"

उपसरपंचानं हिंगणघाटहून छापून आलेलं जाडजूड पुस्तक माह्या पुढ्यात टाकलं. गावाचा विकास आराखडा. पंचायतीच्या मीटिंगमध्ये मी एवढंच इचारलं होतं, आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारामागची नाली कधी होईन?

सातवी शिकलेली मी. पहिल्या ओळीपासून वाचाले लागली. प्रस्तावना. गावाचा इतिहास. पर्जन्यमान. नाली कुठंच नाई. तिसऱ्या पानावर सारे हासले.

उपसरपंच म्हणे, "पोथी समजली काय थे? असं वाचशीन तं पाच वर्सं जातीन तुही."

आमच्याच वस्तीतली दुसरी मेंबर बाजूले बसली होती. थे खाली पाहत राह्यली.

पुस्तक मागून घरी आणलं. कापूस वेचून आली का घेऊन बसो. नवरा म्हणे, "काऊन डोकं फोडून राह्यली?" सांगणारं कोणी नव्हतं. आपलं आपणच उमजत गेलं. गोष्टीत एकामागं एक घडते, इथं तसं नाई. अनुक्रमणिकेत पाहाचं, कोणता विषय कोणत्या पानावर. जाड अक्षरात मथळा, त्याच्याखाली लहान मथळे. आधी अडचण, मंग कारण, मंग उपाय. अन् खरं काय थे तक्त्यात, बारीक अक्षरात. समजलं तवा लय आनंद झाला. सांगू कोणाले?

मथळा 'सांडपाणी'. तक्त्यात आमच्या वस्तीची नाली. समोर लिहिलेलं: 'काम पूर्ण'.

माह्या दारात काळं पाणी तुंबलेलं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राह्यली. "पान एक्केचाळीस. तक्ता तिसरा. वाचा साहेब."

कोणी हासलं नाई. उपसरपंच म्हणे, "टायपिंगची चूक हाये बाई. कायले बोभाटा करतं?" अन् आराखडा मंजूर म्हणून सहीचं रजिस्टर फिरवलं.

वस्तीतली मेंबर कानात बोलली, "कर सही. आपल्याले ह्याच गावात राहाचं हाये." तिनं केली. साऱ्याईनं केली.

मी पेन खाली ठेवला. एकटी घरी आली. तवापासून थे बाई माह्याशी बोलत नाई. मीटिंगचा निरोप बी मले उशिरा येते.

येऊ द्या. खोट्या कागदाले माही सही नाई. पुढचा आराखडा लिहाले बसतीन, तवा मी तिथं बसीन. बोलावलं नाई तरी. आमच्या वस्तीचं पान माह्यासमोर लिहा लागीन.